अलकावहिनींना सांगायला नको होतं ते

मी घर सोडलं त्या सकाळी आई उंबऱ्यात बसून एकेक वस्तू बोलत होती आणि मी वहीत लिहीत होते. पत्र्याची ट्रंक एक. चादरी दोन. आंबेमोहोर तांदूळ, दोन पायल्या. लसणाची चटणी, एक बरणी. स्टीलचा तांब्या, नाव घातलेला. आईला लिहिता येत नव्हतं, पण काय लिहून ठेवायला हवं हे तिला नेमकं कळायचं. "परत येशील तवा एकबी वस्तू कमी दिसली तर बघ," ती म्हणाली. निरोपाचं बोलणं तेवढंच. पुण्याची एसटी ताम्हिणीकडून यायची आणि आमच्या फाट्यावर थांबेलच असं नसायचं, म्हणून वडील तासभर आधीपासून रस्त्याच्या मधोमध उभे होते. गाडी थांबली, ट्रंक टपावर गेली. वडिलांनी कंडक्टरला सांगितलं, "पोरगी पयल्यांदा चाललीय, बरोबर उतरवा." मग मला म्हणाले, "कुनाचं ऐकून घ्यायचं न्हाई आन् कुनाला उलटं बोलायचं न्हाई." हे दोन्ही एकाच वेळी कसं जमवायचं, ते मला अजून उमगलेलं नाही.

तेव्हा मी अठरा वर्षांची होते. आता सत्तेचाळीस पूर्ण झाली.

आपल्या तालुक्यातल्या वाचकांनो, तुमच्यातले काही जण फार लांब गेले. कुणी दुबईला आहे, कुणी जर्मनीत. त्यांच्या मानाने माझं जाणं हसण्यासारखंच आहे. आधी पुण्यातलं वसतिगृह, मग लग्न, मग महाळुंग्याच्या सोसायटीतला सातवा मजला. आईचं घर आणि माझं घर एकाच तालुक्याच्या दोन टोकांना. पण अंतर किलोमीटरवर ठरत नाही, हे गाव सोडलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. आमच्या वाडीत कुणाच्या घरी आज काय शिजतंय हे वासावरून कळायचं आणि का शिजतंय हे दुपारपर्यंत कळायचं. सोसायटीत चार वर्षं एकाच लिफ्टने ये-जा करूनही शेजारच्या बाईंचं नाव मला त्यांच्या पार्सलच्या खोक्यावरून कळलं. सुरुवातीला मला ते फार कोरडं वाटायचं. पुढे त्यातला आरामही समजला. रडून डोळे सुजलेले असतील तरी लिफ्टमध्ये कुणी विचारत नाही. गावात फाट्यापासून घरापर्यंत सहा जणांना उत्तर द्यावं लागलं असतं.

वसतिगृहातल्या पहिल्या दोन महिन्यांत मी तीन वेळा ट्रंक भरली होती. प्रत्येक वेळी आईची यादी काढून वस्तू मोजायची आणि पुन्हा बाहेर काढायची. वर्गात इंग्रजीतून चाललेलं कळत नव्हतं, आणि कळत नाही हे सांगायचं कुणाला, तेही कळत नव्हतं. आमच्या रेक्टरना सगळ्याजणी ताई म्हणायच्या. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. एके दिवशी एक जाड वही हातात दिली आणि म्हणाल्या, "संध्याकाळी कोण आलं, कोण राहिलं, ते तू लिहायचं. तुझं अक्षर चांगलं आहे." त्या वहीमुळे मला पन्नास मुलींची नावं पाठ झाली. पन्नासजणींची नावं माहीत असलेली मुलगी परत जात नाही. समुपदेशन हा शब्द मी तेव्हा ऐकलाही नव्हता. पुढे समाजकार्याची पदवी घेतली, नोकऱ्या केल्या, आणि गेली काही वर्षं आपल्याच तालुक्यात, डोंगर कापून बांधलेल्या एका खासगी विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या सल्ला केंद्रात काम करते. ताईंची ती वही नसती तर मी आज फाट्यावर भाजी विकत असते. त्यात वाईट काही नाही, पण मला हिशेबापेक्षा याद्या बऱ्या जमतात.

सल्ला केंद्रात नक्की काय करतेस, असं गावाकडून नेहमी विचारतात, म्हणून सांगते. एक खोली आहे. दोन खुर्च्या, एक टेबल, टिश्यूचा डबा. घड्याळ मुलांच्या पाठीमागे लावलंय, म्हणजे वेळ मला दिसतो, त्यांना नाही. मुलं अपॉइंटमेंट घेऊन येतात. रूममेटशी पटत नाही, अटेंडन्स कमी पडली, प्रेम मोडलं, झोप लागत नाही, आईवडिलांना हवी ती शाखा घेतली आणि आता जमत नाही. त्यांना कुणी शहाणपणा शिकवलेला नको असतो. बहुतेकांना एवढंच हवं असतं की कुणीतरी नीट ऐकावं, आणि मग पुढचं पाऊल कोणतं ते सांगावं. कोणत्या ऑफिसात जायचं, कोणता फॉर्म, कुणाची सही. हे दुसरं काम माझ्या हातचा मळ. पहिलं शिकायला मला वर्षं लागली.

आणि प्रत्येक मुलाला मी बसता बसता एक वाक्य सांगते. इथे बोललेलं या खोलीबाहेर जात नाही. जिवाला धोका असेल तरच जातं, आणि तेव्हाही आधी तुला सांगून. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की त्याचा अर्थ मला कळतो, असं मी धरून चालले होते.

कोमल आली ती गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात. पहिल्या वर्षाची. फॉर्मवर गावाचं नाव वाचलं आणि माझा पेन थांबला. आमच्या वाडीच्या डोंगराला वळसा घातला की पलीकडची वाडी तिची. आडनावावरून वडील कोण तेही कळलं. दत्तादादा, घाटात पर्यटकांसाठी भजी, कणसं आणि मॅगीची टपरी चालवतात. आई अलकावहिनी. मी माहेरवाशीण, म्हणून ते दादा आणि त्या वहिनी. पोरगी खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती.

"तुम्ही आमच्याकडच्याच ना मॅम?" तिने विचारलं.

"हो, तुझ्या डोंगराच्या अलीकडची."

ती एकदम मागे सरकून नीट बसली. तिने मला विश्वासात घेतलं ते त्या क्षणी, आणि माझ्या वाक्यामुळे नाही, माझ्या वाडीमुळे घेतलं. ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

तिचं दुखणं असं होतं. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. घरी तिने सगळे सुटले म्हणून सांगितलं. त्यानंतर वर्गात जाणं हळूहळू थांबलं. दिवसभर खोलीत पडून राहायची, मेसला एकदाच जायची, तेही गर्दी ओसरल्यावर. मी तिला जिवाविषयीचा प्रश्न सरळ विचारला, तो आम्हाला विचारावाच लागतो. ती म्हणाली, तसलं काही मनात येत नाही, फक्त गावात परत जायला नको वाटतं. का, तर गावच्या फाट्यावर बोर्ड आहे. फ्लेक्सचा, चांगला आठ फुटी. "आमच्या गावची शान, विद्यापीठात प्रवेश मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो, आणि ते अकराही जण कोमलपेक्षा मोठे छापलेले.

"जून संपून गेला, दिवाळी झाली, तरी कुणी काढत नाही मॅम. मी गाडीतून उतरले की पहिलं तेच दिसतं. मीच माझ्याकडं बघत असते."

आम्ही सहा आठवडे भेटलो. मी यादी केली. रोज एक तरी लेक्चर. मेस दोन वेळा. राहिलेल्या विषयांच्या शिक्षकांना भेटणं, आधी माझ्याबरोबर, मग एकटीने. पाचव्या आठवड्यापासून ती नियमित वर्गाला जायला लागली. घरी कधी सांगायचं ते तिचं तिने ठरवायचं होतं. यादीतली ती शेवटची ओळ आम्ही मुद्दाम मोकळी ठेवली होती.

मग चैत्रात आमच्या देवीची जत्रा आली. दोन्ही वाड्यांची एकच देवी. मी दर वर्षी जाते. देवळामागे बायका भाकऱ्या थापत होत्या, मीही पदर खोचून बसले. तिथे मला कुणी मॅम म्हणत नाही, तिथे मी वंदी. शेजारी अलकावहिनी येऊन बसल्या. परातीतलं पीठ पुढ्यात ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वंदाताई, आमची पोर बरी हाय ना तितं? फोनवर दोन शब्दांच्या वर बोलत न्हाई. तुमच्याच हापिसाला येतीया म्हनं."

तिने आईला तेवढं सांगितलं होतं. बाकीचं मी पुरं केलं.

"काळजी करू नका वहिनी. आता लागलीय वर्गाला जायला."

थापता थापता त्यांचा हात थांबला. "म्हंजी? आदी जात न्हवती?"

मी काहीतरी सावरासावर केली. थंडी होती, थोडा अशक्तपणा होता. त्या व्हय व्हय म्हणाल्या. भाकरी तव्यावर टाकली. मी तिथे सल्लागार म्हणून बसलेच नव्हते, एक नणंद भावजयीला धीर देत होती. आमच्याकडे आईने लेकीविषयी विचारलं आणि माहीत असून सांगितलं नाही, तर त्याला माणुसकी नाही म्हणतात. ज्यांनी हे वाचताना मनात म्हटलं की यात एवढं काय, त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

सोमवारी सकाळी केंद्राच्या बाहेर एक पिकअप उभी होती. मागे रिकामी पोती आणि दोरी. दत्तादादा आणि अलकावहिनी सामान न्यायलाच आले होते. सुरक्षारक्षकाने कोमलला बोलावून आणलं. ती दारात आली, आईवडिलांना पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅम, तुम्ही सांगितलंत?"

"हो," मी म्हटलं. "जत्रेत. वहिनींना बरं वाटावं म्हणून बोलले. सांगायचा मला हक्क नव्हता. चुकले मी."

 बोलले ते दत्तादादा. "त्यात काय चुकलं ताई? आपलीच पोरगी हाय. तुमी न्हाई सांगायचं तर कुनी? उपकार झाले तुमचे." त्यांनी खरोखर हात जोडले. आयुष्यात मला पुष्कळ बोलणी बसली आहेत, पण त्या जोडलेल्या हातांइतकं कशानेच ओशाळं वाटलं नाही. कोमल ते बघत होती.

आत चौघांसाठी खुर्च्या नव्हत्या, दोन बाहेरून आणाव्या लागल्या. माझ्यासमोर कागद होता. पालक भेटीला काय बोलायचं याचे पाच मुद्दे मी सवयीने उतरवून ठेवले होते. पण बसण्याआधीच कोमलने दोन विषय राहिल्याचं सांगून टाकलं होतं, आणि दादांनी पहिल्या मुद्द्यालाच हात हलवला.

"दोन इषय ऱ्हायले म्हंजी नापास. त्ये काय मला कळत न्हाई व्हय? अन् वर्गात बी जात न्हाई म्हनल्यावर फी कशाला भरायची? चल, सामान बांध. मामाकडं ऱ्हा चार म्हैने, पुडल्या साली बगू काय करायचं त्ये."

पुढल्या साली काय, ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एका ठिकाणाहून लग्नाची विचारणा आलेली होती.

"नापास नाही दादा," मी म्हटलं. "विषय मागे राहिलेत, परीक्षा परत देता येते. वर्ष वाया जात नाही."

"मग गावाला काय सांगू मी? टपरीवर रोज चार मानसं इचारत्यात, शान कशी हाय म्हनून."

"आवं, तिला तरी इचारा की," अलकावहिनी म्हणाल्या. त्या इतका वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. "आल्यापासनं तुमीच बोलताय. पोरी, तू बोल. काय हाय तुझ्या मनात?"

कोमलने जमिनीकडे बघत सांगितलं, आणि माझ्याशी बोलायची ती पुस्तकी भाषा टाकून सांगितलं. "मला हितंच ऱ्हायचंय. पन घरी यायची लाज वाटती. त्यो बोर्ड हाय ना फाट्यावर."

 दादांना कळलंच नाही. "बोर्डाचं काय? चांगला हाय की बोर्ड."

"मग त्यो काढून आना," वहिनी म्हणाल्या. "पोरगी हितंच ऱ्हाऊ द्या."

"मी कसा काढू? गावानं लावलाय त्यो."

"गावानं फोटू लावलं. दोऱ्या तुमी बांधल्या. मीच शिडी धरली व्हती, ध्यानात न्हाई व्हय? उतरताना पाय घसारला तुमचा, तवा त्या सरपंचाच्या थोबाडावर लाथ बसली. फाटलाय तितं अजून."

कोमल हसली. तोंडावर हात ठेवला तरी खांदे हलत होते. दादा आधी चिडले आणि मग त्यांनाही हसू आवरेना. माझ्या कागदावरच्या पाच मुद्द्यांत सरपंचाचा फोटो कुठेच नव्हता. मी कागद पालथा घातला.

पिकअप रिकामीच परत गेली. दादांनी खरंच बोर्ड उतरवला, दुसऱ्याच दिवशी. तो आता त्यांच्या टपरीच्या लाकडांवर पालथा अंथरलेला आहे. घाटातला पाऊस तो छान झेलतो, असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. शुभेच्छुकांपैकी दोघे रुसले, एवढंच.

पण माझं आणि कोमलचं तिथे मिटलं नव्हतं. आईवडील गेल्यावर ती दारात थांबली.

"मॅम, आता मी काही सांगितलं तर ते पण कळणार गावात?"

"नाही," मी म्हटलं. "पण माझ्यावर विश्वास ठेव, असं मी आज म्हणणार नाही. आमच्याकडे ऋतुजा मॅम आहेत. सांगलीच्या आहेत, तुझ्या गावात त्यांचं कुणी नाही. हवं तर त्यांच्याकडे जा."

माझी आशा होती, ती नको म्हणेल. ती म्हणाली, "चालेल."

त्या दुपारी मी केंद्रप्रमुखांना लेखी कळवलं, काय झालं, कुठे झालं, मी काय बोलले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. गोपनीयतेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मला पुन्हा घ्यायला लावलं, पंचविशीतल्या नव्या मुलामुलींबरोबर. पहिल्या दिवशी शिकवणारी बाई म्हणाली, गोपनीयता बहुतेक वेळा वाईट हेतूने मोडत नाही, चांगल्या हेतूने मोडते. सगळ्यांनी लिहून घेतलं. मी लिहून घेतलं नाही. ते मला आधीच आलेलं होतं.

मग मला जे शिकायला मिळालं ते कोणत्याही प्रशिक्षणात नव्हतं. माझ्या फॉलो-अपच्या यादीतून कोमलचं नाव मला खोडावं लागलं. आठवड्यातून एकदा ती ऋतुजाच्या खोलीत जाताना दिसायची. मान हलवायची, मीही हलवायची. पोरगी वाळलीय का, की माझा भास? जेवते का? दोन आठवडे मी दम धरला. तिसऱ्या आठवड्यात चहाच्या वेळी ऋतुजाला म्हटलं, "ती कोमल बरी आहे ना गं?"

ऋतुजा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तिने कप खाली ठेवला. "मॅम, ते मला सांगता येणार नाही."

"अगं, मीच पाठवली ना तुझ्याकडे."

"म्हणून तर," ती म्हणाली, आणि बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवला.

मला राग आला. मग मला अलकावहिनींचा परातीत थांबलेला हात आठवला. पलीकडे आपलं माणूस आहे, बरं आहे की नाही ते कुणीतरी जाणतं, आणि आपल्याला सांगत नाही. अठरा वर्षांची मुलगी एसटीत बसवून दिली तेव्हापासून माझ्या आईने असेच महिने काढले असणार. तेव्हा फाट्यावरच्या दुकानात एकच फोन होता. मी पंधरवड्याला एकदा करायची आणि सगळं छान आहे म्हणून ठेवून द्यायची. ट्रंक तीन वेळा भरल्याचं मी आईला कधीच सांगितलं नाही. ताईंनीही सांगितलं नाही, आणि त्यांना तर आमच्या वाडीतले लोक भेटायचे. त्यांच्या माहेरी, पौडाच्या बाजारात त्यांची आणि माझ्या वडिलांची गाठ पडली होती, हे मला फार नंतर कळलं. वडिलांनी विचारलं होतं, पोर कशी आहे. ताई म्हणाल्या, "रविवारी या आणि तिलाच विचारा. चहा माझ्याकडे घ्या." वडील आले होते. का आले ते मला तेव्हा समजलं नव्हतं, मी आपली खूश झाले होते. आम्ही दोघं वसतिगृहाच्या पायरीवर बसलो आणि मी त्यांना इंग्रजीचं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला तर मराटीबी वाचाया येत न्हाई, तरी इतकं वय झालंच की."

इतक्या वर्षांनी मला कळलं की ताईंनी किती नेमकं काम केलं होतं. त्या आता नाहीत. आभार मानायचे राहिले, ते इथे मानते. ऋतुजाचे मात्र समक्ष मानले. तिने विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, बिस्किटाबद्दल.

सेमिस्टर संपता संपता एक दिवस माझ्या दारावर टकटक झाली. अपॉइंटमेंट नव्हती.

"एक सुटला मॅम," कोमल म्हणाली. "एक राहिला."

"घरी सांगितलंस?"

"कालच. आई म्हणाली, निम्मं झालं की." ती आत आली, पण बसली नाही. हातात पुनर्परीक्षेचा फॉर्म होता. "हा भरायचाय. ऋतुजा मॅम म्हणाल्या, फॉर्म तुमच्याइतके कुणाला येत नाहीत."

आम्ही तो टेबलावर पसरून उभ्यानेच भरला. तिने बाकी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जाताना तिने खाली लिहिलेल्या तारखा माझ्याकडून दोनदा तपासून घेतल्या. आमच्यात आता एवढंच नातं आहे आणि ते बळकट आहे. तिचा दुसरा विषय सुटला की नाही, ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. एवढं सांगायला हे लिहिण्याआधी मी तिची परवानगी घेतली, आणि नावं तिच्या सांगण्यावरून बदलली आहेत. बोर्डावरचा मजकूरही तिने बदलायला लावला. खरा त्याहून वाईट होता, म्हणे.

गावाकडे मात्र माझी पत घसरली. लग्नात, बारशात कुणी ना कुणी विचारतंच, अमक्याचं पोरगं तुझ्या कॉलेजात आहे ना, अभ्यास करतं का? मी म्हणते, त्यालाच विचारा, हवं तर मी भेट घालून देते. मागे बोलणी ऐकू येतात. वंदी लई मोटी झाली. पगारी मानूस, आता कशाला बोलंल. माझ्या सख्ख्या चुलतभावाने वर्षभर धड बोलणं ठेवलं नाही, कारण त्याच्या मुलाची अटेंडन्स मी सांगितली नाही. आधी मी हे मनाला फार लावून घ्यायचे. घर सोडलेल्या माणसाला घरच्यांनी परकं म्हणण्याची भीती असतेच, आणि मी तर ते स्वतःच्या हाताने ओढवून घेत होते.

यंदा जुलैत मी नेहमीसारखी एक दिवस रजा टाकून भातलावणीला गेले. आमच्याकडे अजून एकमेकांच्या खाचरात जाऊन लावणी उरकतात. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. त्या दिवशी आमच्या खाचरात अकरा बायका होत्या, अलकावहिनीही. कमरेत वाकून, पाठीवर प्लास्टिकचे कागद घेऊन, ओळीने मागे सरकत होतो. माझी ओळ वाकडी चालली होती आणि त्यावरून पुरेशी थट्टा झाली होती. "लॅपटापवर सरळ येती व्हय गं तुझी वळ?" मग पलीकडून एक काकू म्हणाल्या, "वंदे, त्या खालच्या आळीतल्या पोराचं काय झालं गं? होस्टेलातनं काढला म्हनत्यात. तुला तर ठावं असंल."

मला ठाऊक होतं. मी मान वर केली. नेहमीचं उत्तर द्यायचं आणि नेहमीचं ऐकायचं, अशी तयारी केली.

माझ्या आधी अलकावहिनी बोलल्या, रोप चिखलात खोवता खोवता, मान वरही न करता. "तिला नका इचारू. सांगत न्हाई ती, आन् सांगू बी नये. तुमच्या नातीचं उद्या काय झालं, तर ऱ्हाईल की तिच्यापाशी."

काकूंनी रोपांची नवी जुडी सोडली. मग म्हणाल्या, "त्ये बी खरंच," आणि पावसाविषयी बोलायला लागल्या.

मला वाटायचं, घर म्हणजे जिथे काही लपवावं लागत नाही. तुम्ही जे गावात राहिलात, ते अजून तसं मानत असाल, आणि जे बाहेर पडलात, ते कदाचित उलटं. मला त्या खाचरात जे वाटलं ते साधं होतं. मी काय सांगणार नाही हे या बायकांना माहीत आहे, आणि तरी उद्या दुसऱ्याच्या खाचरात लावणी असेल तेव्हा त्या मला हाक मारतील. अलकावहिनींनी हातातल्या रोपांची अर्धी मूठ माझ्याकडे टाकली आणि म्हणाल्या, "चला वंदाताई, मागं पडलाय तुमी."